इंजिनात राहिलेलं पाणी

ऑक्टोबर अर्धा सरला की आमच्या मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये लोक आपापल्या बोटी गुंडाळायला लागतात. पांढऱ्या प्लॅस्टिकचा भला मोठा तागा आणतात, बोटीवर पसरतात, गरम हवेने तो ताणून बसवतात, आणि मग ड्राइव्हवेमध्ये एकेक पांढरं धूड एप्रिलपर्यंत पडून राहतं. झाडं लाल-पिवळी होतात, भोपळे पायऱ्यांवर येऊन बसतात, आणि आमची मराठी मंडळी फॉल कलर्सचे फोटो पाठवून एकमेकांना छळतात. कालच कुणीतरी एकाच मॅपलखाली वेगवेगळ्या कोनांतून काढलेले बावीस फोटो पाठवले. मी सगळे उडवून टाकले. मला ह्या ऋतूचा राग येतो. झाडं सुंदर दिसतात, मान्य. पण सकाळी ऑफिसला जाताना गाडीतल्या पडद्यावर बत्तीस आकडा दिसला, म्हणजे आज पाणी गोठणार हे कळलं, की माझ्या तोंडाची चव जाते ती दिवसभर परत येत नाही.

बायको म्हणते, तुला इथली थंडी मानवत नाही. मानवते की! इतकी वर्षं मानवतेच आहे. तिला मी खरं कारण सांगितलेलं नाही. तिलाच काय, कुणालाच सांगितलेलं नाही.

सबनीस काका मूळचे सांगलीचे. साठच्या दशकाच्या शेवटी शिकायला आले, इथल्याच एका मोटार कंपनीत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांचे वडील, बापू, शेतावरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. सायकलला पान्यांची पिशवी लटकवून गावोगाव फिरायचे. विहिरीवर पोचायच्या आधीच, नुसत्या आवाजावरून, काय बिघडलंय ते सांगायचे म्हणे. काका हे सांगताना दर वेळी फुलायचे आणि दर वेळी शेवटी चिडायचे. "बापूंनी आयुष्यभर इंजिनं उघडली, आणि मला शिकवलं कशासाठी, तर मी तीस वर्षं मीटिंगा घ्याव्यात म्हणून! अरे, मी इंजिनाच्या कंपनीत होतो आणि माझी नखं कायम स्वच्छ!"

मी त्यांना भेटलो तो इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत. मी तेव्हा नाशिकहून आलेला, तिशी गाठलेला, एकटा राहणारा आणि स्वतःला फार हुशार समजणारा इंजिनिअर होतो. प्रसादाच्या रांगेत काकांनी विचारलं, "इंजिनावर काम करतोस म्हणे? काय करतोस नक्की?" मी छाती फुगवून सांगितलं की चालत्या इंजिनाच्या ब्लॉकमधून, म्हणजे त्याच्या बिडाच्या मुख्य धडातून, पाणी कसं फिरतं, कुठे तापतं, कुठे थंड राहतं, ह्याचं गणित मी कॉम्प्युटरवर मांडतो. निळी-लाल चित्रं निघतात, त्यावरून डिझाइन ठरतं. काका हसले. "म्हणजे रंगीत चित्रं काढतोस. कधी नट पिळलायस का?" मागे उभ्या असलेल्या दोन काकू हसल्या. मला ते फार झोंबलं. आणि खोटं कशाला बोला, मी खरंच आयुष्यात एक नट पिळलेला नव्हता. कॉलेजच्या वर्कशॉपातला जॉबसुद्धा मी तिथल्या शिपायाकडून घासून घेतला होता.

२००७च्या वसंतात त्यांच्या शेजाऱ्याने गाव सोडलं आणि जाताना आपली जुनी अठरा फुटी बोट काकांच्या गळ्यात मारली. बोट धड होती, पण इंजिन जाम झालं होतं, जागचं हलायला तयार नव्हतं. काकूंनी कपाळाला हात लावला. "ह्यांना पोहता येत नाही, आणि बोट!" पण काकांच्या डोक्यात वेगळंच होतं. त्यांचा मुलगा समीर कॅलिफोर्नियात होता. चार वर्षांत घरी आला नव्हता. भांडण असं काही नव्हतं. फोन यायचा, तब्येतीची चौकशी व्हायची, हवामान सांगून व्हायचं आणि फोन ठेवला जायचा. लहानपणी हा मुलगा दर उन्हाळ्यात बोट मागायचा. तळं दहा मिनिटांवर. आणि दर उन्हाळ्यात काकांच्या मीटिंगा. आता काकांनी त्याला फोनवर बोटीचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "गेट इट रनिंग, डॅड, अँड आय विल कम. होल वीक. नेक्स्ट जुलै."

"तो आपला सहज बोलला," काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "ह्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय रे!"

खरंच लिहिलं होतं. पुढच्या वर्षीचं कॅलेंडर मिळालं नव्हतं, म्हणून चालू वर्षाच्याच जुलैवर 'पुढचा' असं लिहून खाली 'समीर'.

काकांनी मला हाताखाली बोलावलं आणि तो उन्हाळा मी त्या गॅरेजमध्ये घालवला. शनिवार आला की दहा वाजता हजर. आजही ते सगळं नाकात आहे: रॉकेलचा वास, त्यात मिसळलेला काकूंच्या फोडणीचा वास, शेजारी कापलेल्या गवताचा ओला वास. छताच्या तुळईला वजन उचलायची साखळीची कप्पी लावून आम्ही इंजिन बोटीतून वर उचललं, तेव्हा ते हवेत हळूच गोल फिरलं आणि काका म्हणाले, "चला, पेशंट टेबलावर आला." मग महिनाभर सोलणं चाललं. प्रत्येक नट, प्रत्येक वॉशर दह्याच्या रिकाम्या डब्यात जायचा, आणि डब्यावर चिकटपट्टी लावून काका सुवाच्य अक्षरात लिहायचे: 'वरचे, डावे', 'पंपाचे, लांब', 'हे कुठले? बघणे'. एकदा सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायला त्यांनी स्वयंपाकघरातून परात उचलून आणली. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "माझी कणकेची परात! आईने दिलेली! अहो, तुम्हाला लाज आहे का काही?" काका परातीकडे बघत गंभीरपणे म्हणाले, "नलू, आता धुऊन काय उपयोग. दुसरी घेऊ." काकू चार दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. चहा मात्र दारात ठेवून जायच्या.

जाम झालेले पिस्टन सुटेनात. मी म्हणालो, मोठा हातोडा आणू. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हातोड्याचं नाव परत काढलं नाही. आठ दिवस त्यांनी सिलिंडरमध्ये तेल भिजत ठेवलं. रोज सकाळी जाऊन लाकडाचा तुकडा ठेवून दोन हलके ठोके, बस्स. नवव्या दिवशी मी तिथेच होतो. एक ठोका मारला आणि पिस्टन केसभर खाली सरकला. "हललं!" काका असे ओरडले की काकू पडत-झडत धावत आल्या. त्यांना वाटलं, काकाच पडले.

मी शिकलो हो त्या उन्हाळ्यात. आयुष्यात पहिल्यांदा शिकलो. पिस्टनची रिंग बसवताना बोट कसं कापतं ते शिकलो. नट किती पिळायचा हे मनगटाला कळतं, ते शिकलो. ज्या ब्लॉकची मी हजार चित्रं काढली होती, त्याच्या आतल्या पाण्याच्या वाटांमध्ये मी प्रत्यक्ष बोट घातलं आणि गंजाचा चिखल खरवडून काढला. काका शिकवायचे, टोमणेही मारायचे. "चित्रकार, तो पाना नाही, त्याच्या शेजारचा." त्यांची एक खोड होती. काम सांगितलं की ते परत म्हणून दाखवायला लावायचे. "काय करशील? सांग." मग शाळेतल्या पोरासारखं म्हणायचं: आधी हे काढणार, मग ते पुसणार, मग हे लावणार. बापू त्यांच्याकडून असंच म्हणवून घ्यायचे. मला त्याचा भयंकर राग यायचा. ऑफिसात माझ्या हाताखाली दोन माणसं होती आणि इथे मी पाढे म्हणत होतो.

ह्या बोटीच्या इंजिनाची एक गंमत आहे, ती सांगितली पाहिजे. गाडीत जसं पाणी बंदिस्त असतं तसं ह्यात नसतं. हे तळ्याचंच पाणी आत ओढतं, अंगातून फिरवतं आणि बाहेर टाकतं. बंद केलं की थोडं पाणी ब्लॉकच्या पोटात उरतं. थंडीच्या आधी ते काढावंच लागतं. डाव्या बाजूला, खाली, एक लहान पितळी नट बुचासारखा बसवलेला असतो, तो काढला की पाणी निघून जातं. दोन मिनिटांचं काम. नाही काढलं तर ते गोठतं, फुगतं आणि बिडाचा ब्लॉक फोडून टाकतं. मिशिगनमधल्या पोराटोरांनाही हे ठाऊक असतं. मला तर ठाऊक असायलाच हवं होतं.

दसऱ्याला इंजिन चालू करायचं ठरलं. खंडेनवमीला काकांनी सगळी हत्यारं घासून पाटावर मांडली. टॉर्क पाना, स्क्रू-ड्रायव्हर, फीलर गेज, सगळ्यांना हळद-कुंकू. झेंडू मिळाला नाही, म्हणून दुकानातल्या कुंडीतली शेवंती तोडून वाहिली. एकदा पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत उचलायचं नाही, हा बापूंचा नियम. माझा एक स्क्रू ढिला राहिला होता, तोही त्यांनी मला पिळू दिला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पूजा उचलल्यावर, बागेतला पाण्याचा पाइप जोडला, गॅरेजचं दार पूर्ण वर केलं, काकूंनी नारळ फोडला, आणि काकांनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. निळा धूर भसकन बाहेर आला आणि मग एकदम ते सुरू झालं, आणि सुरूच राहिलं. काकांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे होते. मग माझ्या हातात देऊन म्हणाले, "ऐक." मी ऐकलं. आत काहीतरी सलग, शांतपणे गुणगुणत होतं. मी मान वर केली तर ते रडत होते, आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही.

त्यांनी लगेच समीरला फोन लावला. त्याने उचलला नाही. मग काकांनी फोन इंजिनाजवळ धरला आणि निरोपाच्या जागी दोन मिनिटं नुसता आवाज भरून ठेवला.

इथे थांबून पाणी काढलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण आपण लोक! घरात काही नवीन आलं की आल्या-गेल्याला दाखवल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. दिवाळीत फराळाला येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला चकली संपली की गॅरेजमध्ये नेलं जायचं, पाइप जोडला जायचा आणि इंजिन चालू करून दाखवलं जायचं. पोरगी पेटी वाजवून दाखवते ना, तसं. बायका पदर नाकाला लावून उभ्या राहायच्या, पुरुष "व्वा, काका, व्वा!" म्हणत मागे मागे सरायचे. मीही काही कमी नव्हतो. "हा ब्लॉक मी साफ केलाय," असं मी किमान दहा जणांना सांगितलं असेल. शेवटचं प्रदर्शन झालं ते काका-काकू नोव्हेंबरच्या शेवटी चार महिन्यांसाठी पुण्याला निघाले त्याच्या आदल्या दिवशी. बॅगा, वजनकाटा, निरोप घ्यायला आलेले लोक. पाणी राहिलं.

काकांचा फोन आला तो विमानतळावरून. मी ऑफिसच्या कॅफेटेरियात जेवत होतो. "मिलिंद, अरे, ब्लॉकमधलं पाणी काढायचं राहिलं. किल्ली डाव्या शेजाऱ्यांकडे ठेवलीय. ह्या शनिवारी जा. काय करशील? सांग."

समोर माझा मॅनेजर बसला होता. मी तोंड फिरवून, खालच्या आवाजात, चिडून म्हणालो, "डाव्या बाजूचा खालचा नट काढणार, पाणी जाऊ देणार, नट परत लावणार नाही, डब्यात ठेवणार."

"शाब्बास," काका म्हणाले.

तर असं. मी विसरलो असतो तरी एक वेळ ठीक होतं. मी विसरलो नव्हतो. त्या शनिवारी कंटाळा आला. पुढच्या शनिवारी ऑफिसचं काम होतं. आमच्याकडे तेव्हा माणसं कमी करायची कुजबुज सुरू झाली होती आणि जो तो मी किती राबतो हे दाखवत होता. त्यांच्या घरावरून मी दोनदा गेलो, गाडी थांबवली नाही. आणि मनात मी गणित मांडलं. माझ्या धंद्याचंच गणित. गॅरेज घराला चिकटून आहे, एक भिंत उबदार आहे, दार बंद आहे, बिडाचं एवढं वजन आहे. आतलं पाणी गोठायला बाहेर उणे कितीतरी व्हावं लागेल. सुंदर गणित होतं. फक्त एक गोष्ट मी त्यात धरली नाही. चार महिने घर बंद ठेवून जाताना काकूंनी हीटिंग अगदी खाली आणून ठेवलं होतं. ती भिंत उबदार नव्हतीच. काटकसरीने जन्म काढलेली मराठी बाई रिकामं घर तापवत ठेवणार नाही, हे न कळायला मी काय गोरा होतो?

जानेवारीत एका सकाळी गाडीच्या पडद्यावर शून्याखालचा आकडा दिसला, फॅरनहाइटमधला. तेव्हाही जाऊन बघता आलं असतं. गेलो नाही. जे झालं असेल ते झालं असेल म्हणून गाडीतला रेडिओ मोठा केला.

काका मार्चच्या शेवटी परतले. येताना माझ्यासाठी बाकरवडी आणली होती. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी त्यांनी मला बोलावलं. दरवाजा वर केला, बोटीवरची चादर काढली, इंजिनावरचं झाकण उचललं. तेल बघायची पट्टी बाहेर ओढली तर तिच्यावर काळं तेल नव्हतं. दुधाळ चहा लागावा तसा फेस होता, म्हणजे तेलात पाणी शिरलं होतं. काका गुडघा धरत वाकले आणि डाव्या बाजूला टॉर्च मारला. वीतभर लांब भेग. तिच्या कडेने गंजाचा ओघळ उतरला होता, आणि भेगेच्या खाली तो पितळी नट जागच्या जागी होता.

ते उलट्या बादलीवर बसले. टॉर्च बंद करायचं त्यांना सुचलं नाही. मग अगदी हळू आवाजात, रागाचा लवलेशही नसताना, त्यांनी विचारलं, "मिलिंद, मी तुला विमानतळावरून फोन केला होता ना रे? पाणी काढ म्हणून?"

त्याच आठवड्यात ऑफिसात आमच्या रांगेतल्या दोघांना खोकी भरून घरी पाठवलं होतं. माझा नंबर कधी लागेल ह्या भीतीने मला झोप नव्हती. हे मी सबब म्हणून सांगतोय हे मला कळतं. पण खरं कारण त्याहून हलकट होतं. ब्लॉकमधलं पाणी हा माझा विषय. अख्ख्या नोव्हायमध्ये मी त्याचाच तोरा मिरवत होतो. चित्रकाराने इंजिन फोडलं, हे मला मंडळात ऐकायचं नव्हतं.

"फोन केला होतात, काका," मी म्हणालो. "पण पाण्याचं काही बोलला नाहीत. किल्ली शेजारी ठेवलीय, एवढंच म्हणालात."

"मी तुझ्याकडून म्हणवून घेतलं. डाव्या बाजूचा खालचा नट…"

"नाही, काका."

तेवढ्यात काकू चहा घेऊन दारात आल्या होत्या. भेग बघून त्यांचं तोंड पडलं आणि मग त्या काकांवरच घसरल्या. "बघा! मी कधीची म्हणतेय! पुण्यात परवा गॅस तसाच ठेवून फिरायला गेलात. चष्मा शोधता तो डोळ्यावर. आता पोराला काय सांगणार आहात?" काका त्यांच्याकडे बघत होते आणि माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे घडत गेलं ते मी बघितलं. त्यांना फोन आठवत होता. माझं म्हणणंही ते खोटं मानू शकत नव्हते. दोन्हींपैकी एक सोडायचं होतं.

"म्हणायचं ठरवलं असेल," ते शेवटी म्हणाले. "मनातल्या मनातच म्हणालो असेन. वाटतं तसं."

मी चहा प्यायलो. कप आत नेऊन ठेवला. घरी आलो.

ब्लॉक गेला म्हणजे सगळं गेलं; बाकीचे भाग धुऊन-पुसून ठेवायला तेवढे उरतात. दुसरा ब्लॉक शोधू, मी म्हणालो. काका म्हणाले, नको. एका माणसाने ट्रक आणला आणि बोट ओढून नेली. पण माझा जीव बोटीसाठी तुटत नाही. पुढे जे झालं त्यासाठी तुटतो. मेपासून काकांनी चिठ्ठ्या लिहायला सुरुवात केली. फ्रिजवर, दाराच्या आत, गाडीच्या स्टिअरिंगवर. जे सुवाच्य अक्षर दह्याच्या डब्यांवर होतं, तेच: 'गॅस बघणे', 'दार लावले का'. मग त्यांनी गाडी चालवणं सोडलं. मला बापूंची गोष्ट सांगायला लागायचे आणि मध्येच थांबून विचारायचे, "हे मी तुला आधी सांगितलंय का रे?" आधी हजारदा सांगितलं होतं आणि कधीही विचारलं नव्हतं. सांगायचे आणि फुलायचे. आता मी "नाही, सांगा ना" म्हणालो तरी गोष्ट पुढे सरकायची नाही.

डॉक्टरकडे नेलं. घड्याळ काढून दाखवा, शंभरमधून सात वजा करत जा, पाच शब्द लक्षात ठेवा. काकांनी सगळं बिनचूक केलं. डॉक्टर म्हणाला, वयाच्या मानाने उत्तम आहे, गॅस तर मीही विसरतो. काकूंचा जीव भांड्यात पडला. काका गाडीत बसल्यावर म्हणाले, "त्याला काय माहीत मी काय विसरलो ते." गाडी मी चालवत होतो.

सांगायचं म्हणून मी जूनमध्ये एकदा गेलो. देवाशपथ, सगळं ठरवून गेलो. वाक्य तयार होतं: काका, तुम्ही सांगितलं होतंत, मी गेलो नाही. बेल वाजवली. काकांनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या चिठ्ठीकडे बघितलं. 'मिलिंद येणार, दुपारी.' ती वाचून ते समाधानाने हसले, म्हणाले, "बरोबर. ये." दोन महिन्यांत मी ह्या माणसाला कुठे आणून ठेवलं होतं! आता खरं सांगायचं म्हणजे नटापुरतं सांगून भागणार नव्हतं. ह्या चिठ्ठ्या, ती गाडी, ते डॉक्टर, सगळं माझ्या नावावर घ्यावं लागणार होतं. मी शेपूट घातलं. क्रिकेटवर बोललो आणि उठलो.

आणि समीर आला. जुलैमध्ये, पूर्ण आठवडा, कबूल केल्याप्रमाणे. घर विकायला काढायचं, आई-बाबांना आपल्याजवळ न्यायचं, हे ठरवायला आला. चांगला मुलगा होता. मला वाटलं होतं तसा कोरडा मुळीच नव्हता. बापाचा हात धरून जिना उतरवायचा. काका काही सांगायला लागले की मधेच म्हणायचा, "इट्स ओके, डॅड," आणि उरलेलं वाक्य आईकडून पूर्ण करून घ्यायचा. काकांना जिना उतरायला हात लागत नव्हता. पण त्यांनी तो धरू दिला. एकदा गॅरेज आवरताना समीर मला म्हणाला, "आय स्टिल हॅव दॅट व्हॉइसमेल, यू नो. टू मिनिट्स ऑफ एंजिन. आय थॉट इट वॉज अ बट डायल. आय नेव्हर कॉल्ड बॅक." खिशातल्या खिशात चुकून लागलेला फोन, असं त्याला वाटलं होतं. मी त्याला खोकं उचलायला मदत केली.

माझी नोकरी त्या वर्षी गेली नाही. पुढेही गेली नाही. मला प्रमोशन मिळालं. पाण्याची चित्रं आता माझ्या हाताखालचे लोक काढतात, मी मीटिंगा घेतो.

काका तिकडे सहा वर्षं होते. गेल्याचं काकूंनी फोनवर कळवलं. शेवटी हृदयाचं झालं, झोपेत. मी विचारलं, "विसरणं फार वाढलं होतं का?" काकू म्हणाल्या, "छे रे! शेवटपर्यंत डोकं ठणठणीत. नातवाला सगळे पाढे शिकवले, तिसापर्यंत. फक्त स्वतःवरचा विश्वास गेला होता. चहात साखर घातली का, हेसुद्धा मला विचारायचे. घातलेली असायची." मी म्हणालो, काकू, काही लागलं तर कळवा. त्या कशाला कळवतील?

पण मला छळतो तो काकूंचा हा फोन नाही. छळतो तो २००८च्या ऑगस्टमधला निरोपाचा दिवस. घर रिकामं झालं होतं. समीर गाडीत बॅगा भरत होता, काकू शेजाऱ्यांकडे गेल्या होत्या. काका आणि मी रिकाम्या दिवाणखान्यात उभे होतो, बसायला काही उरलंच नव्हतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तुला एक सांगायचं होतं," ते म्हणाले. "इथे सगळे मला सांभाळून घेतात. नलू, समीर, तो डॉक्टर. मी चुकलो तरी चुकलो म्हणत नाहीत. तू एकटा तोंडावर खरं बोललास. त्या दिवशी मला फार लागलं, पण तू सांगितलं नसतंस तर मी तसाच फिरत राहिलो असतो, स्वतःला शहाणा समजत. तुझे उपकार आहेत, मिलिंद."

बाहेर समीरने हॉर्न वाजवला.

"असं काय बोलता, काका," मी म्हणालो, आणि वाकून नमस्कार केला. त्यांनी तोंड भरून आशीर्वाद दिला.